एकच १७०० साल, तीन खेळाडू आणि चौथाई न कळणारा नकाशा

समजा तुमच्या हातात १७०० साल दिलंय. साताऱ्याला तुमची गादी. वर मुघल, दक्षिणेला म्हैसूर, किनाऱ्यावर गोव्यात पोर्तुगीज, त्याच्याही खाली सिलोनमध्ये डच. वर्षाला दोन टर्न. छोटा डाव १७५० ला संपतो, लांबचा १७९९ ला. तुम्ही काय कराल?

‘एम्पायर: टोटल वॉर’ या गेममध्ये मराठ्यांची बाजू घेतली की हा प्रश्न समोर येतो. क्रिएटिव्ह असेम्ब्ली या ब्रिटिश कंपनीचा हा गेम २००९ च्या मार्चमध्ये आला आणि २०२४ च्या शेवटी मोबाइलवरही आला, त्यामुळे आता भारी कॉम्प्युटर नसला तरी चालतं. मुख्य डावात ज्यांची बाजू घेता येते त्यांत आशियातले दोनच आहेत, ऑटोमन आणि मराठे. मुघल समोर असतात, पण तुम्हाला मुघल होता येत नाही. गेममध्ये आपलं नाव ‘मराठा कॉन्फेडरसी’ असं आहे. १७०० साली अशी कुठलीही कॉन्फेडरसी नव्हती. शिंदे-होळकर-गायकवाड-भोसले अशी सरदारांची मांडणी पुढच्या काही दशकांत उभी राहिली. पण नावावर अडून बसायला नको, अडायची जागा पुढे आहे.

रिसर्चच्या ब्लॉगवर गेम कशाला, असं वाटेल. माझं पीएचडीचं काम थोडक्यात असं आहे: एकाच परिस्थितीत सोडलेले दोन संगणकी खेळाडू वेगवेगळे वागले, तर तो फरक खरंच डावपेचाचा आहे की नुसता वाटेचा, हे कसं ओळखायचं. (औंढ्यात हे सांगायला गेलं की पहिला प्रश्न येतो, “म्हणजे दुधाळ्याला लायगोत लागणार का?” नाही. तिथं गुरुत्वीय लहरी मोजणार आहेत, मी बक्षिसं मोजते.) दिवाळीत घरचीच तीन माणसं हाच डाव खेळताना सापडली. मग मी त्यांना तीन अटी घातल्या: सगळ्यांची काठिण्यपातळी एकच, हरलात तरी मागचा सेव्ह उघडायचा नाही, आणि १७२५ आलं की थांबायचं. म्हणजे पन्नास टर्न. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. तिघांवरून सिद्ध काहीच होत नाही, पण कुठे बघायचं ते कळतं.

पहिला माझा मामेभाऊ. दादा हळदीच्या व्यापारात आहे आणि गेमही तसाच खेळतो, भाव दिसला की उचल. पहिल्याच टर्नला त्याने सगळं सैन्य एकत्र केलं आणि मुघलांच्या सर्वांत जवळच्या शहरावर नेलं. घेतलं, पुढचं घेतलं, पुढचं घेतलं. मागे बंड झालं तर एक तुकडी ठेवायची, कर थोडे दिवस माफ करायचे. त्याचं म्हणणं सोपं आहे: मुघल मोठे आहेत पण विखुरलेले आहेत, त्यांना एकत्र यायला वेळ देऊ नका. गेमच्या हिशोबात ते बरोबरही आहे. तुम्ही इंग्रज किंवा फ्रेंच घेऊन खेळलात तर संगणकाच्या हातातले मराठेही बऱ्याचदा हेच करतात आणि बघता बघता मुघलांना गिळून बसतात.

दुसरा माझ्या लॅबमधला सोबती, दिवाळीला आमच्याकडे आला होता. तो एकदम उलटा. त्याने जमिनीवर फक्त बचाव ठेवला, बंदर वाढवलं, व्यापारी जहाजं बांधली आणि ती सरळ ईस्ट इंडीजकडे पाठवली. या गेममध्ये हिंदुस्थान, युरोप आणि अमेरिका या तीन मोठ्या नकाशांशिवाय चार लहान व्यापारी नकाशे आहेत: ब्राझीलचा किनारा, आयव्हरी कोस्ट, मादागास्करची सामुद्रधुनी आणि ईस्ट इंडीज. तिथल्या व्यापाराच्या जागा मोजक्या आहेत आणि सुरुवातीला रिकाम्या असतात. जो आधी जाऊन उभा राहील त्याच्या. जितकी जहाजं उभी कराल तितका माल. दहाबारा वर्षांत त्याच्याकडे इतका पैसा आला की खर्च कुठे करावा कळेना. मग त्याने चांगल्या बंदुकांचं सैन्य उभं केलं आणि दादाने १७१० ला घेतलेली शहरं १७२० च्या आसपास, कमी माणसं गमावून घेतली.

या दोघांची जोरदार भांडणं झाली. दादा म्हणे, दुकान मांडायला आला होतास का. तो म्हणे, तुझं अर्धं सैन्य बंडं मोडण्यात गेलं. गेमवर लिहिणारेही असंच लिहितात: एक आक्रमक शैली, एक आर्थिक शैली, कोणती बरी? मी मात्र दोघांचे १७२५ चे नकाशे शेजारी ठेवले. दख्खन एकाच रंगाचं. गोवा घेतलेलं, सिलोन घेतलेलं, मुघल वर कोपऱ्यात. खजिन्यात फरक होता, जहाजांत होता, पण नकाशावर कोणता कोणाचा हे मला नावं झाकून सांगता आलं नसतं.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात पाऊस कुठे पडला यावर पाणी कयाधूत जाणार की पूर्णेत हे ठरतं. दोन वेगळे ओढे, वेगळी गावं, वेगळी शेतं. कयाधूचं पाणी पैनगंगेतून, वर्धेतून, प्राणहितेतून फिरून जातं, पूर्णेचं त्या मानाने सरळ जातं. पण जातं गोदावरीतच. आमच्या विषयात याला ‘बेसिन’च म्हणतात. दोन खेळाडूंच्या वाटा कितीही वेगळ्या दिसोत, उतार एकीकडेच असेल तर तो फरक वाटेचा. दादा कयाधू, सोबती पूर्णा.

तिसरी आतेबहीण. ती एमपीएससीचा अभ्यास करते, त्यामुळे १७०० म्हटल्यावर तिला राजाराम महाराजांचं सिंहगडावरचं निधन आणि ताराबाई आठवल्या. तिने स्वतःलाच एक अट घातली: ताराबाईंनी केलं तसं खेळायचं.

म्हणजे कसं, हे जरा थांबून बघू, कारण गेमने पहिल्याच टर्नला खरी परिस्थिती पुसून टाकलेली आहे. १७०० च्या मार्चमध्ये राजाराम गेले तेव्हा औरंगजेब डिसेंबरपासून साताऱ्याच्या किल्ल्याखाली बसला होता. एप्रिलमध्ये किल्ला पडला. मग परळी, १७०१ ला पन्हाळा, १७०२ ला विशाळगड, १७०३ ला सिंहगड, १७०४ ला राजगड आणि तोरणा. नकाशा रंगवायचा म्हटला तर ही सरळसरळ मराठ्यांची हार दिसते, दरवर्षी एकदोन ठिपके कमी. पण यातले बरेच किल्ले पातशहाने पैसे मोजून ‘जिंकले’ होते. तोरणा तेवढा चढून घेतला. आणि तो एकेका किल्ल्याखाली महिने घालवत होता त्या काळात मराठी फौजा भलतीकडेच होत्या. १७०३ ला नेमाजी शिंदे वऱ्हाडातून नर्मदेपलीकडे माळव्यात. १७०६ ला धनाजी जाधव गुजरातेत, रतनपूरला मुघल फौज बुडवून. किल्ला द्यायचा, पैसा घ्यायचा, पातशहा पुढे सरकला की किल्ला परत घ्यायचा, आणि त्याच्या सुभ्यांतून चौथाई वसूल करत राहायचं. १७०७ ला औरंगजेब नगरजवळ वारला तेव्हा त्याच्याकडे कागदावर किल्ले होते आणि मागे रिकामा खजिना.

(यात वीररस ओतायची गरज नाही. १७०२ ते १७०४ दख्खनेत दुष्काळ आणि साथ होती. रयतेला दोन्ही बाजूंचे वसुलीवाले येत होते, आणि ज्याच्या दारात दोघं येतात त्याला डावपेचाचं कौतुक नसतं.)

तर आतेबहिणीने आधी म्हैसूर घेतलं. तिची जिंजी म्हणून, कारण सगळे प्रांत गेले की या गेममध्ये पक्षच संपतो आणि मैदानातलं सैन्यही त्याच्यासोबत नाहीसं होतं. म्हणजे जिंजीला वेढा पडलेला, रायगड गेलेला, पण फौजा फिरताहेत, अशी १६९० च्या दशकातली स्थिती या नियमांत फार ताणता येत नाही. शेवटचा प्रांत गेला की खेळ खल्लास. मग तिने सातारा उघडं टाकलं, मुघल आत आले, आणि तिने घोडदळ मुघल मुलखात सोडलं. इथे गेम थोडी साथ देतो. शत्रूच्या शेतवाडीवर, खाणीवर, गावावर सैन्य नेऊन उभं केलं की ते उद्ध्वस्त होतं आणि शत्रूचं उत्पन्न बुडतं. तिने सहासात वर्षं हे मनापासून केलं.

आणि कंगाल झाली. सैन्याचा खर्च दर टर्नला द्यायचा, आणि नियमित पैसा यायचा तो आपल्या प्रांताच्या करातून नाहीतर व्यापारातून. मुघलांचं नुकसान होत होतं, पण त्याचा हप्ता तिच्या खजिन्यात येत नव्हता. १७०८ च्या सुमारास भरती बंद पडली, एकेक तुकडी तिनेच मोडली. “ताई, काहून मी हरायलेय? मी तर सगळं पुस्तकासारखं केलं ना!”

तिचा प्रश्न माझ्या विषयाचा आहे. बक्षिसातून शिकणाऱ्या संगणकाची एक गाजलेली गोष्ट आहे. २०१६ मध्ये ओपनएआयच्या लोकांनी ‘कोस्टरनर्स’ नावाच्या बोटींच्या शर्यतीवर एक प्रोग्रॅम शिकवायला बसवला. गेममध्ये गुण मिळत ते वाटेतली लक्ष्यं टिपल्याबद्दल, शर्यत पुरी केल्याबद्दल नाही. प्रोग्रॅमने एक डोह शोधला जिथे लक्ष्यं पुन्हा पुन्हा उगवत. तिथेच गोल गोल फिरत राहिला, दुसऱ्या बोटींना धडकत, स्वतःच्या बोटीला आग लावून घेत, आणि माणसांपेक्षा सरासरी वीस टक्के जास्त गुण मिळवले. शर्यत त्याने संपवलीच नाही. हे सांगताना लोक प्रोग्रॅमला हसतात. पण तो प्रोग्रॅम मूर्ख नव्हता, त्याला जे मोजून दिलं तेच त्याने वाढवलं.

आतेबहिणीच्या बाबतीत याच गोष्टीची दुसरी बाजू दिसते. मोजपट्टीत जागाच नाही असा चांगला डाव खेळला, तर तो वाईट डाव दिसतो. ‘एम्पायर’मध्ये प्रत्येक प्रांताला एक मालक असतो. एकच. तुमचा किंवा त्यांचा, मधलं काही नाही. जिंकण्याची अटही ‘अमुक सालापर्यंत इतके प्रांत’ अशी. राजकीय बोलणीत समोरच्याकडून पैसे मागता येतात, अख्ख्या राज्याला आपलं संरक्षित राज्य करून घेता येतं. पण ‘हा सुभा तुमचाच राहू द्या, त्याच्या वसुलीतला चौथा हिस्सा माझा’ हे म्हणायला बटण नाही. आणि मराठ्यांचं अठराव्या शतकातलं निम्मं राजकारण त्याच एका वाक्यावर चाललेलं आहे. १७१९ ला बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून आणल्या त्या सनदा कशाच्या? दख्खनच्या सहा सुभ्यांवर पंचवीस टक्के चौथाई आणि दहा टक्के सरदेशमुखी. मुलूख पातशहाचा, पस्तीस टक्के आपले. १७२८ ला पालखेडला बाजीरावांनी निजामाला पुरता कोंडला तेव्हा काय घेतलं? हैदराबाद नाही. मुंगी-शेवगावच्या तहात चौथाई-सरदेशमुखीचा हक्क पक्का करून घेतला आणि निजामाला जाऊ दिलं. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, “कोंडला होता ना? मग सोडला कशाला?” गेमच्या नियमात दादाचा प्रश्न अगदी रास्त आहे.

पुढे गंमत झाली. तुकड्या मोडून वैतागलेल्या आतेबहिणीने उरलेल्या पैशात दोन लढाऊ जहाजं घेतली, पोर्तुगिजांशी युद्ध पुकारलं आणि ती जहाजं त्यांच्या व्यापारी मार्गावर नेऊन उभी केली. पैसे यायला लागले! दर टर्नला. या गेममध्ये शत्रूच्या सागरी व्यापारमार्गावर जहाज उभं केलं की त्या मार्गाच्या उत्पन्नातला वाटा तुमच्याकडे येतो. मार्ग त्यांचाच राहतो, बंदर त्यांचंच राहतं. ती ओरडलीच, “ताई, याला समुद्रावरची चौथाई कळते, जमिनीवरची नाही कळत!”

हे वाक्य मला कुठल्याच परीक्षणात वाचायला मिळालेलं नाही, आणि माझ्या मते या गेमवरची ती सर्वांत नेमकी टीका आहे. समुद्रावर वाटा घेण्याची कल्पना बनवणाऱ्यांना सुचली, कारण कॅरिबियनचे चाचे त्यांच्या ओळखीचे होते. गेममध्ये चाच्यांचा वेगळा पक्षसुद्धा आहे. आपल्याकडे कान्होजी आंग्रे दस्तक देऊन दुसऱ्यांच्या जहाजांकडून पैसा घेत, तेही त्या नियमात नकळत बसून जातं. जमिनीवर मात्र त्यांच्या डोक्यात फ्रान्स आणि प्रशिया होते, आणि तिथली सरहद्द म्हणजे रेघ. म्हणजे अडचण तंत्राची नव्हती. वाटा मोजणारा नियम त्याच गेममध्ये, त्याच प्रोग्रॅममध्ये होता. फक्त पाण्यावर होता.

फितव्याचंही असंच. आंद्रे विंक या इतिहासकाराने १९८६ च्या पुस्तकात मांडलंय की फितवा, म्हणजे समोरच्याची माणसं वतनासकट आपल्याकडे वळवणं, ही त्या काळच्या राजकारणातली विकृती नव्हती. राज्य वाढण्याची ती नेहमीची रीत होती. याच कंपनीच्या आधीच्या गेममध्ये, २००४ च्या ‘रोम’मध्ये आणि २००६ च्या ‘मिडीव्हल २’मध्ये, वकील पाठवून शत्रूचं सैन्य किंवा शहर पैशाने फोडता येत असे. ‘एम्पायर’मध्ये वकीलच काढून टाकले. ज्या गेममध्ये पहिल्यांदा मराठे आले, त्याच गेममधून फितवा गेला. योगायोग असेल, पण खेळणाऱ्याचं नुकसान व्हायचं ते झालंच.

रसदही नाही. परमुलखात राहून सैन्य झिजण्याचा नियम कंपनीने २०१० च्या ‘नेपोलियन’मध्ये आणला. ‘एम्पायर’मधला मुघल दख्खनेत पंचवीस वर्षं बसला तरी त्याचा घोडा उपाशी मरत नाही. १७०० च्या पावसाळ्याच्या शेवटी खवासपूरला माण नदीच्या पुराने पातशाही छावणी बुडवली आणि औरंगजेबाचा गुडघा कायमचा अधू झाला. गेममध्ये पावसाळाच नाही. पण हे मी फार ताणणार नाही. प्रत्येक गेमला काहीतरी सोडावंच लागतं, आणि मैदानातली लढाई, गोळीबाराच्या रांगा, हत्ती, उंटावरच्या तोफा, हे सगळं आजही झकास आहे. दादा त्यासाठीच खेळतो आणि त्यात काही गैर नाही.

माझी तक्रार तुलना करणाऱ्यांशी आहे. तीन खेळाडूंची तुलना करताना ‘कोण जिंकलं’ विचारण्याआधी ‘हा डाव कोणाला जिंकू देतो’ हे विचारायला हवं. नाहीतर दोन सारखे डाव वेगळे वाटतात आणि एकमेव वेगळा डाव चुकीचा वाटतो. हे गेमपुरतं राहत नाही. दर काही महिन्यांनी आपल्या सगळ्यांच्या फोनवर अटक ते कटक भगवा भरलेला नकाशा येतो, साल बहुतेक १७५८ किंवा १७६०. त्यात पुण्याचा खास मुलूखही भगवा, जिथे फक्त चौथाई यायची तोही भगवा, आणि जिथून फौज एकदा जाऊन आली तोही भगवा, सगळा एकाच छटेचा. तो नकाशा पाहून छाती फुगणारे आणि तो खोटा म्हणून चिडणारे, दोघंही एकाच मोजपट्टीवर भांडतात: प्रांताचा मालक कोण? ताराबाईंना त्या मोजपट्टीवर उभं केलं तर सात वर्षांत किल्ले गमावणारी राणी एवढंच उरतं. आतेबहिणीच्या परीक्षेतही त्यांच्याबद्दल एका गुणाचा प्रश्न येतो, बहुधा सालाचा.

औंढ्याचंच बघा ना. गेमच्या नकाशावर आपलं गाव अर्थातच नाही. फोनवर दोन बोटांनी कितीही ताणलं तरी ते कुठल्यातरी एकाच रंगात बुडालेलं असतं. प्रत्यक्षात हा मुलूख त्याच सहा सुभ्यांतला. पुढे निजामाचा, थेट १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. पण अठराव्या शतकात मराठ्यांचा हक्काचा वाटाही इथून जात होता. नागनाथाच्या देवळाचं खालचं काळ्या दगडातलं, कोरलेलं काम जुनं, आणि वरचं शिखर सरळ वेगळं दिसतं. ते अहिल्याबाई होळकरांनी बांधवलं असं गावात सांगतात. मुलूख निजामाचा, खर्च इंदूरच्या होळकरांचा. ‘एम्पायर’च्या नियमात परक्या प्रांतात तुम्हाला एक विहीरसुद्धा बांधता येत नाही.

म्हणून मला या डावात एकच बदल हवा आहे, आणि तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला फार अवघड नाही: प्रत्येक प्रांताला मालकाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना, ‘वाटा कोणाचा, किती टक्के’. समुद्री मार्गांना तो हिशोब आहेच. जिंकण्याच्या अटीत प्रांतांच्या संख्येऐवजी एकूण वसुली धरायची. मग दादा, सोबती आणि आतेबहीण यांची खरी तुलना होईल, आणि कदाचित दादाच जिंकेल. बंडं मोडण्याचा खर्च त्याला तेव्हाही परवडला तर.

तोवर माझा निकाल असा. दादा आणि सोबती यांच्यात सोबत्याचा डाव बरा, कारण तीच गोष्ट त्याने स्वस्तात केली. पण डाव वेगळा होता तो आतेबहिणीचाच. तिच्याकडे १७२५ ला प्रांत दोन, म्हैसूर आणि कसंबसं परत घेतलेलं सातारा, आणि गोव्यासमोर अकरा जहाजं.